पेण-रोह्याच्या मुलखातील आकाशगणित

पृथ्वीला एकच गती नाही. ती स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते आणि या दोन्ही फेऱ्या चालू असताना तिचा अक्ष अतिशय संथपणे आपली दिशा बदलत राहतो; पहिल्या गतीने दिवस होतो, दुसरीने वर्ष होते, आणि तिसरीमुळे ऋतू व नक्षत्रे यांचा परस्परांशी असलेला मेळ शतकानुशतके सरकत जातो. सह्याद्री आणि समुद्र यांमधल्या ज्या चिंचोळ्या पट्टीत पेण आणि रोहे हे तालुके येतात, तेथे या गतींचा संबंध रोजच्या व्यवहाराशी आहे, कारण खाडीला पाणी केव्हा भरणार, पेरणीचे नक्षत्र केव्हा लागणार आणि पेणच्या कारखान्यांतून गणपती कोणत्या तारखेपर्यंत बाहेर पडायला हवेत, हे सारे त्यांवरून ठरते. या मुलखाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट अशी की येथे या गतींचे मोजमाप आधी झाले आणि त्या पृथ्वीच्या गती आहेत ही मान्यता फार नंतर आली. रोहे तालुक्याला लागून असलेल्या मुरुड तालुक्यातील नांदगाव या समुद्रकाठच्या गावी इ. स. १५२० मध्ये जो ग्रंथ तयार झाला, त्याने महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटक यांच्या बऱ्याच भागांतील पंचांगे सुमारे चार शतके चालवली. आणि त्याच्या कर्त्याच्या हिशेबात पृथ्वी विश्वाच्या मध्याशी निश्चल होती.

ग्रंथाकडे वळण्यापूर्वी ज्या गणिताला ग्रंथ लागत नव्हता त्याची दखल घेतली पाहिजे. कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते, तर अंबा आणि पेणची भोगावती या धरमतरच्या खाडीत उतरतात. रस्ते होण्यापूर्वी मीठ, भात आणि लाकूड यांची ने-आण या खाड्यांतून होई आणि पेणजवळच्या अंतोरा बंदरात किंवा रोह्याच्या धक्क्यावर मचवा आणायचा तर भरतीची वेळ साधावी लागे. ती काढण्याची कोकणातली रीत अशी की पंधरवड्यातील तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितके वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास पाणी पुरे भरते. या रीतीच्या मुळाशी दोन गती आहेत. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा घेते तोवर चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे किनाऱ्याला पुन्हा चंद्राखाली येण्यास २४ तास नव्हे, तर सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात. पाऊण तासाचा नियम ही पन्नास मिनिटांची चाल सोप्या अपूर्णांकात बसवतो, आणि पंधरवड्याच्या शेवटी साचणारी अर्ध्यापाऊण तासाची चूक पोटात घालून नव्या पंधरवड्यापासून पुन्हा सुरू होतो. खाडीच्या मुखापेक्षा आतल्या गावाला पाणी उशिरा पोचते, तेवढी दुरुस्ती तांडेल अनुभवाने करी. हा नियम कोणी बसवला याचा कागद नाही, पण चंद्र-पृथ्वीच्या सापेक्ष गतीचे इतके सुटसुटीत आणि उपयोगी सूत्र पुष्कळ विद्वानांनाही साधलेले नाही.

तिथी हा या सूत्राचा कच्चा माल, आणि तिथी देणारे पंचांग हा दुसऱ्याच परंपरेचा विषय. चंद्र आणि सूर्य यांच्या स्थानांत बारा अंशांचे अंतर वाढले की एक तिथी पुरी होते. म्हणून दोहोंची स्थाने अचूक ठाऊक असल्याखेरीज तिथीचा शेवट सांगता येत नाही. ही स्थाने काढण्यासाठी दोन प्रकारचे ग्रंथ असत. सिद्धांतग्रंथ कल्पाच्या किंवा युगाच्या आरंभापासून गणित करीत, त्यामुळे त्यांत लाखो-कोटींचे आकडे येत. करणग्रंथ जवळचे एखादे वर्ष आरंभ म्हणून घेत आणि तेथून पुढचे गणित आटोपशीर करीत. नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी शके १४१८ मध्ये, म्हणजे इ. स. १४९६ मध्ये, ‘ग्रहकौतुक’ नावाचा करणग्रंथ रचला. त्यांचे वेगळेपण वेधांत होते. वेध म्हणजे प्रत्यक्ष आकाशात पाहून ग्रहाचे स्थान ठरवणे. ग्रहांच्या आणि ताऱ्यांच्या युती, उदय आणि अस्त पाहून केशवांनी जुन्या ग्रंथांचे आकडे तपासले, कोणत्या ग्रंथाचा कोणता ग्रह आकाशाशी जुळतो आणि कोणता किती चुकतो याची नोंद केली, आणि पुढील गणितज्ञांनीही आपापल्या काळी असेच पाहून ग्रंथ दुरुस्त करावेत असे बजावले. शास्त्रवचन आणि आकाश यांत फरक पडला तर आकाश प्रमाण मानावे, ही भूमिका निजामशाहीच्या काळात कोकणातल्या एका खेड्यात इतक्या स्पष्टपणे मांडली गेली, याचे मोल कमी नाही.

त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ पूर्ण केला. गणेशांचा जन्म १५०७ च्या सुमाराचा मानला जातो. ते खरे असेल तर वयाची पंधरी न ओलांडलेल्या मुलाचा हा ग्रंथ ठरतो, आणि त्यामागे वडिलांचे अनेक वर्षांचे वेध उभे होते हे उघड आहे. केशवांनी वर्तवलेले ग्रहण चुकले, तेथील अधिपतीने त्यांचा उपहास केला, तेव्हा त्यांनी नांदगावच्या गणपतीची आराधना केली आणि देव त्यांच्या पोटी आला, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून ती घेता येत नाही. पण गणिताची परीक्षा ग्रहणाने होते आणि ती सर्वांच्या देखत होते, ही व्यवसायाची अडचण तिच्यात नेमकी उतरली आहे.

‘ग्रहलाघवा’ने दोन कामे केली. पहिले काम आकड्यांच्या निवडीचे. गणेशांनी कोणत्याही एका सिद्धांताचा पक्ष धरला नाही. सूर्य त्यांनी सूर्यसिद्धांतातून घेतला, चंद्र त्याच सिद्धांतातून घेऊन त्यात ९ कला वजा केल्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे घेतले (पक्ष म्हणजे गणिताची एक परंपरा), बुधासाठी ब्राह्मपक्ष स्वीकारला, शनी आर्यपक्षाचा घेऊन त्यात ५ अंश मिळवले, आणि शुक्रासाठी ब्राह्म व आर्य या दोन पक्षांच्या मधला आकडा धरला. वरवर पाहता ही सरमिसळ वाटेल. पण कसोटी एकच होती, ग्रह आकाशात दिसतो तेथे गणिताने आला पाहिजे. चंद्राच्या ९ कला किरकोळ वाटल्या तरी त्यांनी तिथीचा शेवट सुमारे १८ मिनिटांनी पुढे जातो, आणि ग्रहणाच्या बाबतीत अठरा मिनिटे म्हणजे नदीवर स्नानाला उभ्या राहिलेल्या लोकांपुढे ज्योतिषाची अब्रू.

दुसरे काम गणित हलके करण्याचे. अहर्गण म्हणजे ठरलेल्या आरंभदिनापासून इष्ट दिवसापर्यंत गेलेल्या दिवसांची संख्या. कलियुगाच्या आरंभापासून मोजली तर १५२० मध्ये ती १६ लाख ८७ हजारांच्या पलीकडे गेली होती, आणि प्रत्येक ग्रहासाठी तिचे गुणाकार-भागाकार करणे हे दमवणारे काम होते. गणेशांनी ११ वर्षांचे एक चक्र कल्पिले आणि त्याचे ४०१६ दिवस धरले, कारण तेवढ्या दिवसांत जवळजवळ नेमके १३६ चांद्रमास बसतात. प्रत्येक चक्रात ग्रह किती सरकतो तो आकडा एकदाच काढून ठेवला, म्हणजे पंचांगकर्त्याला ४०१६ पेक्षा मोठ्या अहर्गणाशी कधी झगडावेच लागत नाही. त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे त्यांनी ‘ज्या’, म्हणजे त्रिकोणमितीतील अर्धज्या, यांची कोष्टके पूर्णपणे टाकून दिली आणि त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकारांची सूत्रे बसवली, तरी निष्कर्षांत फारसा उणेपणा येऊ दिला नाही. पुढे १५२५ मध्ये त्यांनी ‘तिथिचिंतामणी’ ही तिथी, नक्षत्र आणि योग थेट काढून देणारी सारणी तयार केली, आणि पंचांग करणे हे सामान्य भिक्षुकाच्याही आवाक्यात आले. रोह्या-पेणच्या गावजोशाला सिद्धांत न शिकता वर्षाचे पंचांग मांडता येऊ लागले ते या दोन ग्रंथांमुळे. तोटाही येथूनच सुरू झाला. सूत्र इतके सोपे झाले की त्यामागचे कारण विचारण्याची गरज उरली नाही, आणि केशवांनी सांगितलेले वेध घेण्याचे काम बहुतेकांनी सोडून दिले. सूत्रांची उपपत्ती, म्हणजे ती का बरोबर येतात याचे विवरण, मल्लारी या टीकाकाराने पुढे लिहिले, पण उपपत्ती वाचणारे थोडे आणि कोष्टक वापरणारे फार, अशीच स्थिती राहिली.

या परंपरेत पृथ्वीचा अक्ष आणि स्थळ यांचे नाते शंकूच्या सावलीने मोजत. शंकू म्हणजे सपाट जमिनीवर उभी रोवलेली १२ अंगुळांची काठी. दिवस आणि रात्र सारखी असतात त्या विषुवदिनी, भर मध्यान्ही, तिची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात, आणि तीवरून त्या गावाचा अक्षांश निघतो. नांदगाव आणि रोहे ही दोन्ही गावे १८ अंश २५ कलांच्या आसपास आहेत, म्हणून त्यांची पलभा जवळजवळ नेमकी ४ अंगुळे, म्हणजे शंकूच्या एक तृतीयांश येते. पेण थोडे उत्तरेला असल्याने तेथे ती किंचित अधिक भरते. पृथ्वीच्या अक्षाच्या कलामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, या गावांत मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि शंकूची सावली नाहीशी होते. त्यांतला जुलैचा दिवस पावसाळी ढगांमुळे बहुधा वाया जातो.

पृथ्वी फिरते ही कल्पना भारतीय ज्योतिषाला अपरिचित नव्हती. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पृथ्वीचे दैनंदिन परिवलन सांगितले होते, पण वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि त्यांच्यामागून आलेल्या बहुतेकांनी ते नाकारले होते. गणेश दैवज्ञ या बहुमताच्या बाजूचे होते. युरोपात कोपर्निकसचा सूर्यकेंद्री ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला तेव्हा गणेश हयात होते, कारण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ ही त्यांची टीका १५४५ ची आहे. त्या ग्रंथाची वार्ता नांदगावपर्यंत पोचण्याचे कारण नव्हते. पंचांगाच्या दृष्टीने त्याने फारसा फरकही पडला नसता. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे धरले किंवा पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे धरले, तरी सूर्याचे दिसणारे स्थान तेच येते, आणि पंचांगाला दिसणाऱ्या स्थानापलीकडे काही लागत नाही. म्हणून पृथ्वीच्या गतीचा अचूक आकडा आणि पृथ्वी स्थिर असल्याचा विश्वास ही दोन्ही एकाच ग्रंथात सुखाने नांदली.

मात्र तिसऱ्या गतीच्या बाबतीत हे सुख टिकले नाही. वसंतसंपात म्हणजे आकाशातील ते स्थान, जेथे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली असल्याने सूर्य आणि चंद्र त्या फुगवट्याला ओढतात, तिचा अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत एक शंकूसारखा फेरा घेतो, आणि वसंतसंपात ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो. एक विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. हे कारण न्यूटनने १६८७ मध्ये दिले. सरकणे मात्र भारतात पूर्वीपासून ठाऊक होते, आणि ताऱ्यांपासून मोजलेल्या आरंभस्थानात व संपातात पडलेल्या अंतराला अयनांश असे नाव होते. गणेशांचा नियम अत्यंत सुटसुटीत आहे: शकाच्या अंकातून ४४४ वजा करावे आणि बाकीला ६० ने भागावे, म्हणजे अयनांश मिळतात. शके १४४२ साठी उत्तर १६ अंश ३८ कला येते, आणि ते त्या काळाला चांगले जुळते. पण या नियमात वार्षिक गती ६० विकला धरली आहे, म्हणजे दरवर्षी जवळजवळ १० विकला जास्त. शिवाय सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ३६ सेकंदांचे आहे, आणि ताऱ्यांच्या अनुरोधाने पृथ्वीची खरी प्रदक्षिणा ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंदांत पुरी होते. साडेतीन मिनिटांची ही तफावत एका पिढीत दिसत नाही, पण शतकांच्या हिशेबात दडूनही राहत नाही.

ती उघड करणारे पहिले मोठे नाव याच किनाऱ्यावरचे आहे. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांचा जन्म अलिबागजवळच्या नागाव येथला. मुंबईत प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते शिकले, कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांनी काम केले, आणि पुढे पुण्यात ते गणित व सृष्टिशास्त्र यांचे नामांकित प्राध्यापक झाले. कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती जहाजांना अचूक वेळ पुरवण्यासाठी. तेथे केरूनानांना युरोपीय ग्रहगणिताची प्रत्यक्ष ओळख झाली. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात युरोपीय गणितावर आधारलेली ग्रहस्थाने मराठी वाचकाला प्रथमच पंचांगाच्या पद्धतीने मिळाली. त्यांवरून रत्नागिरीच्या आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने जे पंचांग निघू लागले ते पटवर्धनी पंचांग होय. केरूनानांनी रेवती नक्षत्रातील झीटा पिशियम हा मंद तारा आरंभस्थान मानला. त्यामुळे १८६५ च्या सुमारास त्यांचे अयनांश सुमारे १८ येत होते, तर ‘ग्रहलाघवा’चे २२ अंशांच्या वर गेले होते. चार अंश म्हणजे सूर्याच्या चालीने चार दिवस, आणि संक्रांत चार दिवस आधी आली की काही वर्षी अधिक महिनाच बदलतो. पुण्या-मुंबईत जो वाद पेटला तो येथून.

वादात तिसरा पक्ष सायनवाद्यांचा होता. त्यांचे म्हणणे असे की ताऱ्यांचा आधार सोडून थेट संपातापासून, म्हणजे ऋतूंपासून मोजावे, नाहीतर सण हळूहळू आपल्या ऋतूंतून निसटतील. आणि हे म्हणणे तर्काला धरून होते, कारण ऋतूंचे वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी लहान आहे. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे या पक्षाचे प्रमुख. दीक्षित मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे आणि पेशाने शिक्षक. आयुष्यातील काही वर्षे त्यांनी रेवदंड्याच्या मराठी शाळेत, म्हणजे कुंडलिकेच्या मुखाशीच काढली. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ या विषयाच्या इतिहासाचा आजही आधार आहे, आणि गणेश दैवज्ञांच्या कामाची योग्य किंमत मराठी वाचकाला त्यातूनच कळली. स्वतः सायनवादी असूनही दीक्षितांनी निरयन, म्हणजे ताऱ्यांपासून मोजणाऱ्या पक्षाचे युक्तिवाद पदरचे काही न घालता मांडले आहेत, हा गुण पंचांगवादात दुर्मीळ होता. तरीही लोकांनी सायन पंचांग उचलले नाही. मकरसंक्रांत डिसेंबरात साजरी करायला कोणाचे मन होईना.

पृथ्वीच फिरते याचे प्रत्यक्ष पुरावे तोवर युरोपात जमले होते. ब्रॅडलीने १७२८ मध्ये ताऱ्यांच्या स्थानांत वर्षभरात पडणारा सुमारे २०.५ विकलांचा हेलकावा पृथ्वीच्या वेगामुळे येतो हे दाखवले, बेसेलने १८३८ मध्ये ताऱ्याचे लंबन मोजले, आणि फूकोने १८५१ मध्ये टांगलेल्या लंबकाने पृथ्वीचे परिवलन लोकांच्या डोळ्यांपुढे आणले. तोच लंबक रोह्याला टांगला तर त्याच्या झोक्याची दिशा पुरा फेरा घ्यायला सुमारे ७६ तास घेईल. पेणची जमीन अक्षाभोवती ताशी सुमारे १,५८५ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, आणि विश्वाच्या पार्श्वप्रारणाच्या तुलनेत सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालली आहे. पंचांगाला यांतला शेवटचा आकडा कधीच लागणार नाही.

या मुलखाला स्वतःची वेधशाळा मिळाली ती मुंबईच्या ट्राममुळे. विजेवर चालणाऱ्या ट्रामने कुलाब्याची चुंबकीय मोजमापे बिघडणार हे दिसताच वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ती अलिबागला हलवली, आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. पृथ्वी फिरताना दिवसाच्या बाजूला वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युत्प्रवाह वाहतात आणि चुंबकसुई रोज थोडी हलते. अलिबागच्या नोंदींत पृथ्वीचे परिवलन असे दिवसागणिक उतरत आले आहे.

पंचांगाचा वाद मिटवण्याचा सरकारी प्रयत्न १९५२ मध्ये झाला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. समितीने नागरी व्यवहारासाठी सायन वर्ष घेतले आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. धार्मिक पंचांगासाठी मात्र चित्रा ताऱ्यावर आधारलेले अयनांश घेतले. या चित्रापक्षाचा पुरस्कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी आधीच केला होता, आणि महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे आज तोच पाळतात. रेवतीचा तारा धरणारे टिळक पंचांग वेगळे राहिले.

याचा परिणाम पेणला जाणवतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थी दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येते आणि अधिक महिना आला की तिसऱ्या वर्षी किंवा त्याआधी सुमारे १९ दिवस पुढे जाते. पेण, हमरापूर आणि जोहे येथील मूर्तिकारांचे साचे, रंग आणि पाठवणी यांचे वेळापत्रक या हालचालीवर बांधलेले असते. २०२३ मध्ये बहुतेक पंचांगांनी अधिक श्रावण मानला आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. टिळक पंचांगाने त्या जागी अधिक महिना मानला नाही, म्हणून ते पाळणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टलाच बसले. चंद्र एकच, अमावास्या त्याच, गणितही दोन्हीकडे आधुनिक. फरक फक्त चार अंशांचा होता. संपात किती वेगाने सरकतो याबद्दल आज कोणत्याही पंचांगकर्त्याचे दुमत नाही. मोजणी रेवतीपासून सुरू करायची की चित्रेपासून, हा उरलेला प्रश्न कोणत्याही दुर्बिणीने सुटणारा नाही. तो पंचांगकर्त्यांनी एकत्र बसून ठरवायचा आहे, आणि समितीच्या १९५५ च्या अहवालानंतरही तो त्यांनी ठरवलेला नाही.